मागे गेलेली गाडी

अक्षर वेडंवाकडं आहे आणि शुद्धलेखन चौथीपर्यंतचंच. कुणाच्या हाती हे लागलं तर माफ करावं.

थंडीत माझे धाकटे दीर मला जीपमधून राजस्थानचं वाळवंट दाखवायला घेऊन गेले. फोटो काढायचं त्यांना वेड. त्यांचा मोठा कॅमेरा माझ्याकडून उसन्या घेतलेल्या भिशीच्या पैशांतून आलेला. ते पैसे बुडवून त्याबदली ही सहल तर नाही ना, अशी शंका मला वाटभर येत होती. विचारायचा मात्र धीर होत नव्हता.

तिथे फोटोवाल्यांनी मिळून वाफेच्या इंजिनाची जुनी आगगाडी भाड्याने घेतली होती, तीत आम्हीही बसलो. मध्येच वाळूत सगळ्यांना उतरवलं आणि गाडी उलटी चालू लागली.

“अहो भावजी, ती आपल्याला सोडून चालली!”

“फोटोसाठी मागे जातेय, वहिनी. धूर सोडत परत येईल.”

“माझा डबा आत आहे.”

“तुमच्या चटणीसाठी कोण एवढं इंजिन पेटवेल?”

सगळे हसले. मला हसू आलं नाही. गाडी टेकडीआड गेली, रुळांवर नुसतं ऊन उरलं. परत येतो म्हणणाऱ्याची पाठ अशीच दिसते. खरं की खोटं, ते पाठीवरून कळत नाही.

मग टेकडीमागे धूर दिसला, शिट्टी ऐकू आली. सगळे कॅमेऱ्यातून इंजिन बघत होते. मी खिडक्यांमधून माझा डबा शोधत होते. तो जागेवर होता.

संक्रांतीला भावजी घरी आले. तिळगुळासोबत एक पाकीट हातात ठेवून गेले. दार लावून घेऊन मी नोटा पुन्हा पुन्हा मोजल्या. पैसे पुरे होते.