निळ्या उजेडातली विक्रेती

माजिवड्याच्या एका लॅपटॉपच्या दुकानात ती विकायला उभी असते. भिंतीवरच्या सगळ्या स्क्रीनवर एकच समुद्र चालू असतो, आणि त्या निळ्या उजेडात ती पाण्याखाली चालल्यासारखी संथ फिरते. ही दुकानं विद्यार्थ्यांना सरळ लुटतात. तीही त्यांच्यातलीच, असं मी धरून चाललेलो.

परवा बहिणीला घेऊन गेलो. आम्हाला एकच लॅपटॉप परवडणार होता आणि तो डिग्री होईपर्यंत टिकायला हवा होता. मालकाने एक पातळ, चकचकीत पुढे केला. कोळीण माशाचा कल्ला उचलून बघते, तसं त्या विक्रेतीने त्याचं झाकण हलकेच उचललं. बिजागरी कुरकुरली.

"दिसायला पापलेट आहे गं, पण वर्षात मान टाकेल," ती बहिणीला म्हणाली. "तो जाडा काळा घे."

"तू पगार कोणाचा खातेस?" मालक खेकसला.

"तुमचाच, शेठ. म्हणून तर विकतेय."

त्याने जाड्या काळ्याचं बिल बनवलं.

बाहेर आल्यावर बहीण म्हणाली, "दादा, नाव तरी विचारायचंस तिचं."

मी मुद्दामच विचारलं नाही. मी ते नाव कौतुकाने गावभर सांगत सुटलो असतो, जो तो तिलाच विचारून चकचकीत माल नाकारू लागला असता, आणि तिची नोकरी गेली असती.