मागच्या दाराचे सुभेदार

आकाराम शेडगे सांगलीत कधी खोटं बोलले नाहीत. लोक त्यांच्याविषयी जे बोलत, ते त्यांनी खोडून काढलं नाही, एवढंच.

लोक म्हणत, सुभेदार एकाहत्तरच्या लढाईत होते. लढाई झाली तेव्हा ते फौजेत होते हे खरंच होतं. फक्त ते होते जबलपूरच्या एका डेपोत, बी शेडमध्ये. कांबळी, बूट, कंदील आणि पाण्याच्या बाटल्या यांच्या राशीत. ते दोन आठवडे त्यांना धड झोप मिळाली नाही, हेही खरं. सरहद्द तिथून हजार किलोमीटरवर होती आणि चोवीस वर्षांच्या नोकरीत त्यांनी गोळी झाडली ती चांदमारीच्या मैदानावर, वर्षातून एकदा, साहेबांनी सांगितल्यावर. छातीवर दोन-तीन पदकं होती, ती नोकरीची वर्षं भरली की सगळ्यांनाच मिळतात ती.

त्यांचं गाव साताऱ्याकडचं, कोरेगाव तालुक्यातलं. तिथं प्रत्येक आळीत चार फौजी. कोण कुठल्या पलटणीत होतं, कुणाच्या मांडीत अजून छर्रा आहे, हे शाळेतल्या पोरांनाही पाठ. अशा गावात आकाराम म्हणजे नुसता ‘स्टोअरवाला आक्या’. नव्वद साली हवालदार म्हणून निवृत्त होताना त्यांना मानद नायब सुभेदारी मिळाली, तेव्हा पारावर कुणीतरी विचारलं, “बूट मोजल्याबद्दल का कांबळी मोजल्याबद्दल?” वर्षाच्या आत शेडगे नवरा-बायको सांगलीला राहायला आले. सुलाबाईंचं माहेर जवळ पडतं, असं कारण सांगण्यात आलं.

सांगलीत फौजी कमी. मिशी मोठी असली, चाल ताठ असली आणि माणूस कमी बोलत असला, की बाकीचं लोक आपलं आपण भरून घेतात. विश्रामबागेत धवल शहाने कॉम्प्युटर क्लास काढला, तेव्हा आकारामांना राखणदार म्हणून घेतलं ते दाराशी सुभेदार उभा असावा म्हणून. क्लासमध्ये आठ कॉम्प्युटर होते. त्यातले पाच एका वेळी चालत.

नव्याण्णवच्या उन्हाळ्यात कारगिल सुरू झालं आणि सुभेदारांचा भाव एकदम वधारला. पानपट्टीवर त्यांना नकाशे दाखवले जाऊ लागले. “सुभेदार, हितनं चढायचं का तितनं?” ते नकाशा डोळ्यांपासून लांब धरून बघत आणि म्हणत, “थंडी लय आसंल.” लोक माना डोलवत. हा माणूस किती खोलवर विचार करतो, हे त्या दोन-तीन शब्दांत सगळ्यांना दिसत असे.

जुलैत आप्पासो मगदूम स्वतः येऊन गेले. कुपवाडला त्यांचा पंपाचे सुटे भाग करण्याचा कारखाना आणि गल्लीतल्या तालीम मंडळाचं अध्यक्षपद. पंधरा ऑगस्टला सुभेदारांचा सत्कार करायचा आणि त्यांनी तरुणांना रणांगणावरचे अनुभव सांगायचे, असं ठरवूनच ते आले होते. शाल, श्रीफळ, फेटा आणि अर्धा तास भाषण.

त्या दिवसापासून आकारामांचं जेवण कमी झालं. अर्धा तास भरेल इतकं रणांगण त्यांच्यापाशी नव्हतं. नऊ वर्षं सांभाळलेलं नाव एका भाषणात जाणार, हे त्यांना स्वच्छ दिसत होतं.

“खरं सांगून टाका,” सुलाबाई म्हणाल्या. “मला लगीन झाल्यापास्नं ठावं हाय. मी कुठं सोडून गेले?”

“तुझं येगळं. तू मंडळाची अध्यक्ष न्हाईस.”

भाषणाच्या आधी एक रविवार उपटला. धवलने पुण्याहून एका गेमची सीडी आणली होती आणि रविवारी दुपारी क्लासला सुट्टी असली की तिथं गर्दी जमायची. गेम विचित्र होती. साठ-सत्तर वर्षांनंतरचं एक शहर, सतत पाऊस, चमकणाऱ्या पाट्या, माणसांच्या डोक्यात घुसवलेल्या वायरी. आणि त्याच शहरात मंत्र टाकणारी चेटकीण, मशीनगनवाला बुटका आणि टोकदार कानांचे गुंड. मारामारी धावाधाव करून नव्हती, पाळीपाळीने होती. आपली चार माणसं, प्रत्येकाला मोजकी पावलं; आपली चाल झाली की शत्रूची. शहर एका कंपनीच्या ताब्यात होतं आणि कंपनीचा चेअरमन ड्रॅगन होता. चाळीसाव्या मजल्यावर बसून तो कुणाला काही मिळू देत नसे. सांगली जिल्ह्यातल्या पोरांना या गेममध्ये पुष्कळ गोष्टी चमत्कारिक वाटल्या, पण ही नाही.

गेमचा वस्ताद होता अजमल मुलाणी. आप्पासोंच्याच कारखान्यात पाने, कानशी असली हत्यारं देण्या-घेण्याचं बघायचा आणि रविवारी कुपवाडहून लूनावर यायचा. कंपनीच्या टॉवरपाशी तोही तीन महिने अडकला होता. पुढच्या दारातून आत गेलं, की छतातून बंदुका उतरायच्या आणि चौघेही तिसऱ्या पाळीला मरायचे.

त्या रविवारी चौथ्यांदा मेल्यावर अजमलने खुर्ची मागे सरकवली. “सुभेदार, या की हिकडं. आमी पडलो कारखान्यातली माणसं. तुमी खरी लढाई बघितलीया.”

“मला त्यातलं कळत न्हाई.”

“माऊस मी धरतो. तुमी नुसता हुकूम सोडा.”

“व्हय व्हय, सुभेदार!” पंधरा-वीस जणांनी गलका केला. धवलही हसत म्हणाला, “दाखवा की एकदा. पंधरा ऑगस्टची रंगीत तालीम.”

नाही म्हणण्याची सोय उरली नाही. आकाराम बसले. पडदा त्यांनी नकाशासारखाच लांबून बघितला. मग म्हणाले, “ह्यांच्याजवळ काय काय हाय, ते दाव.”

अजमलने सामानाची यादी उघडली. आकारामांना इंग्रजी बोलता येत नसे, वर्तमानपत्रही वाचता येत नसे. पण त्यांचं सगळं इंग्रजी याद्यांमधूनच शिकलेलं होतं आणि या गेमचं निम्मं इंग्रजी याद्याच होत्या. त्यांनी एक एक ओळ वाचली. कपाळाला आठ्या पडल्या.

“ह्या बुटक्याकडं तीन बंदुका आन् मलमपट्टी एक न्हाई. बाईकडं तर काहीच न्हाई. हिला कुणी पाठवलं असं?”

“मंत्र हाय की तिच्याकडं.”

“मंत्र संपल्यावर?”

आकारामांनी चौघांना टॉवरवरून माघारी फिरवलं आणि बाजारात नेलं. पुढची चाळीस मिनिटं गेममध्ये एकही गोळी उडाली नाही. दोन बंदुका विकल्या. मलमं घेतली, बॅटऱ्या घेतल्या. वजन चौघांत वाटलं.

“सुभेदार, लग्नाचा बस्ता बांधताय का?” मागून कुणीतरी ओरडलं. दोघं-तिघं कंटाळून चहाला गेले. आकारामांच्या कानाच्या पाळ्या लाल झाल्या, पण त्यांनी यादी पुन्हा एकदा वरून खालपर्यंत तपासली. मगच टॉवरपाशी आले. अजमलने चौघांना पुढच्या दाराकडे वळवलं.

“थांब. हितं माल कुठनं येतो?”

“माल? सुभेदार, ही गेम हाय.”

“आसंल. पण आत शंभरभर माणसं हायत. गोळ्या उडवत्यात. त्या काय बापाच्या घरनं आणत्यात? मागं दार आसंल बघ. मोठं. जवळ ट्रक उभा.”

मागं दार होतं. सगळ्यांनी ते बघितलं होतं. तिथं मारायला कुणी नाही म्हणून सोडून दिलं होतं. एक पेंगणारा पहारेकरी होता. आपल्या चौघांतल्या, डोक्यात वायर असलेल्या पोराने कुलूप उघडलं. आत मालाची लिफ्ट होती आणि तिसऱ्या मजल्यावर जाळीचं दार असलेली एक लांबट खोली. आकाराम ती बघून पहिल्यांदाच जरा सैल बसले.

“हे स्टोअर. आत काय लूट करू नगं. दार लाव, कुलूप बदल आन् तिघांना हितंच बसीव. आता कुणी आलं तर भरून द्यायचं न्हाई.”

पुढचं सगळं फार निवांत झालं. टॉवरचे शिपाई धावत आले, गोळ्या उडवल्या, संपल्यावर स्टोअरकडे आले आणि बंद दारापुढे उभे राहिले. सहाव्या पाळीला छतातल्या बंदुका नुसत्याच कट्‌कट् वाजू लागल्या. चहाला गेलेले परत आले ते दारातच थबकले. मग चौघं मालाच्या लिफ्टने चाळीसाव्या मजल्यावर गेले. तिथं ड्रॅगन मात्र खरा निघाला. तो दर पाळीला तोंडातून जाळ काढायचा आणि आकाराम दर पाळीला एक मलम इश्यू करायचे. जाळ आधी संपला.

क्लासमध्ये शिट्ट्या झाल्या. धवलने पेढे मागवले. कुणीतरी फूटपाथवर जाऊन ओरडून सांगितलं, की सुभेदारांनी चेअरमन पाडला, आणि दोन म्हातारे खरंच चौकशी करायला आत आले. संध्याकाळपर्यंत विश्रामबागेत बोललं जात होतं, की एकाहत्तरला त्यांनी अशीच एक चौकी घेतली होती. मागून.

अजमल एकटा ओरडला नव्हता. गर्दी पांगल्यावर लूनाला पायडल मारता मारता तो थांबला.

“सुभेदार, एक इचारू? तुमी स्टोअरला होता ना?”

“बी शेड,” आकाराम रस्त्याकडे बघत म्हणाले.

“यादी वाचताना तुमचं बोट बघितलं मी. तसं बोट लढणाऱ्याचं नसतंय. मीबी तेच काम करतो, पर माझं बोट इतकं हुशार न्हाई.” अजमल हसला, पण चेष्टेने नाही. “मग सांगत का न्हाईसा लोकास्नी? आमच्याकडं स्टोअरला माणूस पायजे. मालक सहा महिने शोधायलाय. मी बोलतो त्यांच्याशी.”

त्या रात्री आकाराम पोटभर जेवले. चोवीस वर्षं केलेलं जे काम लपवण्यासारखं वाटलं होतं, त्याच कामाने चाळीस मजले पाडले होते. खरं सांगितलं तर नाव जाईल, असं इतके दिवस वाटत होतं. आता वाटलं, खरं सांगितलं तरच नाव आपलं होईल.

पंधरा ऑगस्टला तालमीच्या पटांगणात दीडशे माणसं होती. फेटा जरा घट्ट बसला होता. आकाराम माइकपाशी उभे राहिले आणि त्यांनी सरळ सांगून टाकलं.

“मी लढलो न्हाई. मी स्टोअरला होतो. गोळी कधी कुणावर झाडली न्हाई.”

त्यांनी बी शेड सांगितली. एकदा सीलबंद पेट्यांत चारशे बूट आले, सगळे डाव्या पायाचे, आणि वरिष्ठांनी तसेच पुढे पाठवा म्हटल्यावर आपण गाडी अडवून धरली, ते सांगितलं. थंडीत उजवा पाय उघडा पडला तर काय होतं, ते सांगितलं. अर्धा तास होता, तो तेवीस मिनिटांत संपला. पण त्यात एक शब्द फिरवलेला नव्हता.

टाळ्यांचा असा कडकडाट झाला, की पलीकडच्या गल्लीतली कुत्री भुंकू लागली. पहिल्या रांगेतल्या एका निवृत्त मास्तरांनी चष्मा पुसला. “बघितलंत? लढलेला माणूस असाच बोलतो. थापा मारणारे लगेच ओळखू येतात.” शेजारचा म्हणाला, “डाव्या पायाचं म्हणजे त्यात काहीतरी गुपित असणार. फौजेच्या गोष्टी, ते सगळं थोडंच सांगतील?”

“अवो, खरंच स्टोअरला होतो मी,” आकाराम खाली उतरून म्हणाले. मास्तरांनी उठून त्यांचे दोन्ही हात धरले.

मागे उभा असलेला अजमल पुढे सरला. “मालक, मी म्हणत होतो ते हेच. स्टोअरला ह्यांच्याइतका—”

“तू गप रं,” आप्पासो म्हणाले. त्यांचे डोळे ओले होते. “काय बाय सांगतोस. सुभेदार, ह्या शहाण्यानं मला सांगितलं, तुमाला स्टोअरला बसवा. मी झापला त्याला. तुमच्यासारख्या माणसाला नटबोल्ट मोजायला लावलं तर लोक माझ्या तोंडात शेण घालतील.”

“मला जमंल स्टोअर. आवडंल.”

“हाच तो मोठेपणा!” आप्पासोंनी मंडळाच्या पोरांकडे वळून सांगितलं. “शिका काहीतरी. सुभेदार, तुमची जागा पुढं. मेन गेट. धवलशेठशी मी बोलतो.”

अजमलने आकारामांकडे बघितलं. आकारामांनी फेटा काढून हातात घेतला होता आणि त्याची घडी घालत होते, काठाला काठ जुळवून.

एक सप्टेंबरपासून ते कुपवाडला गेटवर उभे राहू लागले. काम हलकं होतं. येणाऱ्या गाड्यांना सलाम ठोकायचा आणि गणवेशावर रोज सगळी पदकं लावायची, एवढ्या दोनच अटी आप्पासोंनी घातल्या होत्या.