कागेयामासानची नासपती

आमच्या लाँड्रीच्या खिडकीतून समोर बघितलं की कागेयामासानचं केस कापायचं दुकान दिसतं आणि त्याला लागून त्यांची मोटार ठेवायची खोली. सोमवारी आमच्या कुरायोशी गावातली सगळी न्हाव्याची दुकानं बंद असतात. त्या दिवशी हा माणूस पांढरा कोट काढून ठेवतो, निळी डांगरी चढवतो आणि खोलीचं दार वर सरकवतो. इस्त्री करता करता मी हे तीसेक वर्षं बघत आलेय. मी लग्न केलं नाही, म्हणून मला बघायला दुसरं कुणी नव्हतं, असं गल्लीतल्या बायका म्हणतात. म्हणू देत. त्यांच्या नवऱ्यांचे शर्ट धुते मी, मलाही बरंच काही म्हणता येईल.

खोलीत असते ती एक जुनी फेअरलेडी झेड मोटार. दोन दारांची, बुटकी, लांब नाकाची, आणि रंगानं हिरवट पिवळी. आमच्या तोत्तोरी प्रांतात शरद आला की दारोदारी नासपतीची खोकी येऊन पडतात. अशा मुलखात या रंगाची गाडी आणली तर तिचं नाव दुसरं काय पडणार? पहिल्या दिवसापासून ती सगळ्यांची ‘नासपती’ झाली.

आली तेव्हा मात्र ती पार नासलेली होती. नासपतीच्या बागा असलेल्या इकुता नावाच्या म्हाताऱ्यानं ती तरुणपणी नवीकोरी घेतली होती. पुढे त्याची कंबर गेली, गाडी फळांच्या खोपटात गेली आणि तिच्यावर रिकामी खोकी रचली गेली. विकायला तो तयार नव्हता. नंबराची पाटी कचेरीत परत करून मोकळाही होत नव्हता. न चालणाऱ्या गाडीचा कर दरवर्षी मुकाट्यानं भरायचा. त्याचे केस कागेयामासान कापायचे आणि दर वेळी गाडीचं विचारायचे. कित्येक वर्षांनी इकुता एकदाचा हो म्हणाला. वस्तरा गळ्यावर असताना विचारलं असणार, असं मी तेव्हाही म्हणाले होते.

गाडी ओढून आणली ती मला आठवते. समुद्राचं वारं आणि हिवाळ्यात बर्फावर टाकतात ते मीठ, दोघांनी मिळून पत्रा खाल्ला होता. आतली सतरंजी उचलली की खाली रस्ता दिसायचा. सीटमध्ये उंदरांचा संसार होता. त्यांची बायको तामिकोसान दारात उभी राहून एवढंच म्हणाली, “अहो, हिला कापायला केससुद्धा उरलेले नाहीत.”

पुढची कित्येक वर्षं सोमवार म्हणजे नासपती. ते वेल्डिंग शिकले आणि बाह्यांना भोकं पाडून घेतली. ती भोकं मी रफू केली. काम मात्र न्हाव्याचंच. बोथट झालेल्या वस्तऱ्यानं जुनं डांबर खरवडायचं. दाढीच्या ब्रशानं काट्यांच्या तबकड्यांवरची धूळ झटकायची. दाराभोवतीचं रबर कडक झालं की गालावर ठेवतात तसा वाफेचा टॉवेल त्यावर ठेवायचा आणि मऊ झालं की बसवायचं. इंजिनाला कार्ब्युरेटर दोन. दोघांनी सारखी हवा ओढली पाहिजे. त्यासाठी रबरी नळीचं एक टोक कानात आणि दुसरं एकदा या तोंडाशी, एकदा त्या. डोळे मिटून असे तासन्‌तास बसायचे की वाटावं, डुलकी लागली. आणि धुताना तिला विचारायचे, डोकं धुताना गिऱ्हाइकाला विचारतात ना, अगदी तसंच, “कुठं खाजतंय का?”

“माझे केस हे सणासुदीला धुतात,” तामिकोसान मला म्हणायची, “आणि सवतीचे दर आठवड्याला.” पण दुपारी गाडी बाहेर निघाली की हीच बाई टोफूची चिकुवा, म्हणजे टोफू-मासळीची वाफवलेली नळकांडी, कागदात गुंडाळून शेजारच्या सीटवर ऐटीत बसलेली असायची. ती गेल्यावर त्या सीटवर कुणी बसलं नाही. कागेयामासान एकटेच समुद्रापर्यंत जाऊन यायचे.

परत आले की आमच्या खिडकीशी थांबायचे आणि विचारायचे, “कशी दिसली ग, मासुमीचान?”

“हिरवट,” मी वर न बघता म्हणायचे.

“आणि वळणावर?”

“वळणावर पिवळट. सरका, उजेड अडवताय.”

त्यांना खरंच माहीत नव्हतं. चालवणारे एकटे तेच, त्यामुळे ती रस्त्यानं जाताना कशी दिसते हे त्यांनी कधी बघितलंच नव्हतं. आणि मी, माझ्या नाकावरच्या रागासकट, दर सोमवारी ती कोपऱ्यावरून वळेपर्यंत इस्त्री उभी करून ठेवायचे. हे त्यांना सांगायची गरज मला कधी वाटली नाही.

गेल्या वसंतात ते ऐंशीचे झाले. एका सोमवारी लवकर परत आले आणि खिडकीशी न थांबता सरळ आत गेले. मी डांगरी आणायच्या निमित्तानं गेले. गाडीच्या पुढच्या आरशावर लाल रंगाचा ओरखडा होता.

“टपालपेटीला लागला,” ते म्हणाले. “दिसली होती मला. पाय वेळेवर गेला नाही.”

“पेटीच होती ना. पुसून काढा.”

“आज पेटी होती, मासुमीचान.”

शरद यायच्या आत लायसन्स पोलिसांत परत करायचं, असं त्यांनी स्वतःच ठरवलं. कुणी सांगावं लागलं नाही.

ओसाकाहून त्यांच्या मुलीचा, चिनात्सुचा, फोन आला. लेक गुणाची. म्हणाली, “बाबा, गाडी परक्याला देऊ नका, मी नेते.” यांनी हो म्हटलं, आभार मानले, फोन ठेवला. आणि त्यानंतरच्या सोमवारी खोलीचं दार वर सरकलं, पण इंजिनाचा आवाजच नाही. मी दोनदा बाहेर येऊन बघितलं. तिसऱ्यांदा रस्ता ओलांडून गेले.

ते गाडीच्या मागे उकिडवे बसून दाढीच्या ब्रशानं नंबराची पाटी घासत होते.

“लेक घेऊन जातेय, अजून काय पाहिजे?” मी म्हटलं. “तोंड का असं झालंय?”

“ओसाकाला गेली की ही पाटी जाईल.”

तेव्हा माझ्या डोक्यात प्रकाश पडला. आमच्याकडे गाडीचा नंबर मुलखाला बांधलेला असतो. तोत्तोरीतल्या तोत्तोरीत मालक बदलला तर पाटी तीच राहते. मुलूख सोडला की जुनी काढून घेतात आणि नवी हातात देतात. नव्या पाट्यांवर गावाच्या नावाशेजारी तीन आकडे असतात. नासपतीच्या पाटीवर एकटा पाच आहे. तसा एकटा आकडा आता कुणाला मिळत नाही. गाडी नवी असल्यापासून याच मुलखात आहे, तिला कधी कुणी टाकून दिलं नाही, हे तो बघून कळतं. इकुता म्हातारा चालत नसलेल्या गाडीचा कर का भरत राहिला, तेही त्या पाटीसाठीच.

“फरशी मी घातली,” कागेयामासान म्हणाले. “दारं दुसऱ्या गाडीची. सीट नवी, इंजिनाच्या आतलं सगळं नवं. हिच्या अंगावर मी न बदललेली एकच वस्तू आहे. ती गेली तर ओसाकात जाईल ती कोण?”

“मग हे लेकीला सांगा.”

“तिनं एवढ्या प्रेमानं मागितली. कसं सांगू?”

मी सांगितलं. त्यांच्याच दुकानातल्या फोनवरून, त्यांच्यासमोर. चिनात्सु आधी रडली आणि मग हसली. “मासुमीसान, मी फक्त ती परक्याच्या हातात जाऊ नये म्हणून म्हणत होते. मला बर्फात सायकलसुद्धा चालवता येत नाही,” म्हणाली.

मग तोत्तोरीतच राहणारा मालक शोधणं सुरू झालं. इकुताचा नातू आला. त्याला गाडी आणखी खाली बसवायची होती आणि सायलेन्सर असा लावायचा होता की तीन गल्ल्या जाग्या व्हाव्यात. एक दाताचा डॉक्टर आला. तो तिला दवाखान्यात काचेमागे ठेवणार होता, चालवणार नव्हता. कागेयामासाननी दोघांनाही चहा पाजला, कमरेतून वाकून निरोप दिला आणि दोघांनाही नाही कळवलं. पोरीच्या बापासारखं चाललं होतं, एकाही स्थळाचं नाक सरळ नाही. लायसन्सची तारीख तर जवळ येत होती.

मी इस्त्री करत विचार करत होते. गाड्यांतलं मला काडीचं कळत नाही, डागांतलं कळतं. पण सोमवार आणि तो आवाज नाही, ही कल्पनाच मला सहन होईना. खरं सांगायचं तर आवाजाचंही राहू दे, त्या दारात पांढऱ्या कोटातला म्हातारा सोमवारीसुद्धा नुसता उभा दिसेल, याची मला भीती वाटली. मी त्यांच्या समोरच राहते. पत्ता तोत्तोरीचाच. गाडी आहे त्या खोलीतच राहील, फक्त मालकीण बदलेल.

अडचण एकच होती. बाबांनी डिलिव्हरीची गाडी चालवणं सोडलं तेव्हा मी लायसन्स काढलं, ते फक्त क्लच नसलेल्या गाडीचं. नासपतीला पाहिजेत तीन पाय आणि तीन हात, असं मला बाहेरून वाटायचं.

एकसष्टाव्या वर्षी मी ड्रायव्हिंग स्कूलच्या दारात उभी राहिले. शिकवायला कोण, तर नोसाकांचा ताकुया, ज्याचा शाळेचा गणवेश मी सहा इयत्ता धुतला.

“मासुमीसान, या वयात कशाला हा खटाटोप?” म्हणतो.

“तुझ्या पँटच्या मागच्या बाजूला गवताचे डाग का पडायचे, ते तुझ्या आईला अजून ठाऊक नाही,” मी म्हटलं. “क्लच दाखव.”

त्यानं क्लच दाखवला आणि मी गाडी बंद पाडली. पुन्हा चालू, पुन्हा बंद. शेजारच्या गाडीतली पोरं खिदळत होती. ताकुया बिचारा पुढच्या काचेला नाक आपटायच्या बेतात होता.

कुणाला सांगायचं नाही असं मी त्याला बजावलं होतं. पण ताकुया केस कुठं कापतो? सोमवारी कागेयामासान रस्ता ओलांडून आले. डांगरी नव्हती, पांढरा कोट घातला होता.

“चल,” म्हणाले.

मला वाटलं, गाडीकडे. ते मला दुकानात घेऊन गेले. प्याला काठोकाठ चहानं भरला, तो हातात धरून स्वतः गिऱ्हाइकाच्या खुर्चीत बसले आणि म्हणाले, “पायाशी तो दांडा आहे ना? खुर्ची वर केलीय. आता पायानं दाब आणि मला खाली आण. चहा सांडता कामा नये.”

मी दाबला. म्हातारा धपकन खाली आला आणि चहा कोटभर झाला.

“हा डाग कोण काढणार?” मी ओरडले.

“गालावर वस्तरा आहे असं समज,” ते शांतपणे म्हणाले. “पायाला कळतं, खुर्ची कुठं सुटायला लागते ते. तिथं थांब. तिथं घाई केलीस तर गाल कापला. क्लच म्हणजे दुसरं काही नाही.”

त्या दुपारी त्यांनी किती प्याले भरले आणि मी किती सांडले, ते विचारू नका. संध्याकाळी ते खुर्चीतून खाली आले आणि चहा हलला नाही. त्यांनी प्याला तोंडाला लावून गार चहा पिऊन टाकला. मला शाळेत बक्षीस मिळालं तेव्हासुद्धा इतका आनंद झाला नव्हता.

परीक्षेत पास झाले. पोलीस येऊन खोली मोजून गेले आणि गाडीला जागा आहे असा, ती नावावर करायला लागणारा दाखला मिळाला. नोंदणीच्या कचेरीत नाव बदललं आणि पाटी जागची हलली नाही. किमतीचं मी विचारलं तर म्हणाले, “मी आहे तोवर माझे कपडे फुकट धुवायचे.” तुमचे डाग बघता महागच पडली, असं मी म्हटलं.

त्यांनी लायसन्स परत केलं त्यानंतरचा तो पहिला सोमवार होता. सकाळी नळी कानाला लावून त्यांनी कार्ब्युरेटर ऐकले, तिला पुसलं आणि किल्ली माझ्या हातात दिली. शेजारी बसा म्हटलं तर नाही म्हणाले.

“मला बाहेरून बघायचंय. एकदा तरी जाताना बघायचंय.”

मी निघाले. गाडी बंद पडली नाही. दुकानावरून, लाँड्रीवरून पुढे गेले आणि आरशात बघितलं, तर कागेयामासान दुकानाच्या दारात कमरेतून वाकलेले! साठ वर्षं गिऱ्हाइकाला असंच पोचवत आले. गिऱ्हाईक कोपऱ्यावर दिसेनासं होईपर्यंत मान वर करायची नाही. मी कोपरा वळले तरी ते वाकलेलेच होते.

गल्लीला वळसा घालून मी परत आले आणि काच खाली केली.

“कशी दिसली?”

“पाहिली नाही,” ते ओशाळून म्हणाले. “कंबर आपोआप गेली खाली.”

“आता वर बघायचं. कळलं?”

“हो, हो.”

पुन्हा गेले. पुन्हा वाकले. आरशात नुसता पांढऱ्या केसांचा भांग दिसत होता. मी कपाळाला हात लावणार होते, पण हात गिअरवर होता.

तिसऱ्या खेपेला मी गाडी चालूच ठेवली, उतरले आणि सरळ त्यांच्या दुकानात गेले. प्याला चहानं काठोकाठ भरला आणि आणून त्यांच्या दोन्ही हातांत दिला.

“सांडता कामा नये,” म्हटलं.

या वेळी मी अगदी सावकाश गेले. आरशात म्हातारा ताठ उभा होता, प्याला छातीशी धरून, मान वर. कोपऱ्यावर मी मुद्दाम जरा थांबले आणि मग वळले.

परत आले तेव्हा ते तसेच उभे होते. प्याला अर्धा रिकामा होता आणि कोटाचा पुढचा भाग ओला.

“कशी दिसली?” मी विचारलं.

त्यांनी कोपऱ्याकडे एकदा वळून पाहिलं.

“कोपऱ्यापर्यंत नंबर वाचता आला,” ते म्हणाले.

मी इंजिन बंद केलं. “कोट काढा इकडे,” म्हटलं, “चहाचा डाग वाळला की निघत नाही.”