तळेगावचा जपानी क्लास

कंदिलाच्या काचा पेंढ्यात भरून ठेवतात तसं या किश्श्यांचं आहे. एक काढायला हात घालावा तर पेंढ्यासकट तीन बाहेर येतात! मी आमच्या काचेच्या कारखान्यात पॅकिंगकडचा कारकून होतो, म्हणून मला पेंढ्याचंच सुचायचं. तर पहिल्या महायुद्धाच्या आधी, तळेगावात, त्याच पॅकिंगच्या शेडमध्ये दर रविवारी सकाळी आमचा जपानी भाषेचा क्लास भरायचा. हो, जपानी! मावळात! आज सांगितलं तर पोरं हसतात, पण मी स्वतः त्या क्लासात बसलोय.

शिकवायचे केशवराव. ओसाकाला तीन वर्षं राहून काच शिकून आलेले, भट्टीचे मुख्य. त्यांचे तिथले उस्ताद म्हातारे झाले होते. त्यांनी केशवरावांना कळवलं, "तुमच्याकडचा एक माणूस मी शिकवीन. एकच. पण त्यानं स्वतःच्या हातानं मला जपानीत पत्र लिहावं. ज्याला कुंचला आवरत नाही, त्याला काच काय आवरणार?"

झालं! कारखान्यात नुसती धमाल उडाली. पहिल्या रविवारी वीस जण आले. दुसऱ्या रविवारी आठ. महिन्याभरात उरलो आम्ही तिघं. मी, गावचे पोस्टमास्तर तात्या, आणि शेजारच्या इंदुरी गावचा सखाराम.

तात्यांना ओसाकाला जायचं नव्हतं, त्यांना फक्त तिकडून येणाऱ्या पार्सलांवरचे पत्ते वाचायचे होते. मला जायचं होतं, पण बायकोनं पहिल्याच दिवशी "समुद्र ओलांडून? बरं बरं" असं काही म्हटलं, की मी तो विषय पुन्हा काढला नाही. जायचं होतं ते सखारामला. पंचविशीचा गडी, घरची शेती, पण नऊ वर्षं भट्टीवर काच फुगवायची नळी फुंकत होता आणि काचेवाचून त्याला दुसरं काही दिसत नव्हतं. "मास्तर, मला एकडाव तिकडली भट्टी बघायचीय," एवढंच केशवरावांना म्हणायचा. मराठी चौथीपर्यंत शिकलेला.

*

पहिल्याच क्लासला केशवरावांनी बाँब टाकला. "जपानीला लिप्या तीन!"

"तीन?" मी ओरडलोच. "एका भाषेला?"

"एक वळणदार, रोजच्या शब्दांची. एक टोकदार, ती परक्या शब्दांना आणि परक्या नावांना. आणि तिसरी चिनी अक्षरं. ती हजारांनी आहेत."

मी तर वही मिटलीच. पण तात्या शांत. "त्यात काय एवढं? आपण नाही का बाळबोध वेगळं लिहीत आणि मोडी वेगळी? पोथी एका लिपीत, पत्र दुसऱ्या लिपीत!"

मग केशवरावांनी फळ्यावर आमची तिघांची नावं त्या टोकदार अक्षरांत लिहून दाखवली. तात्यांचा चेहरा पडला. "म्हणजे आम्ही परके?"

सखाराम मागून म्हणाला, "परकंच की, तात्या! पावन्याला पाट येगळा मांडत्यात, त्यात काय वंगाळ?"

केशवरावांनी खडू खाली ठेवला आणि त्याच्याकडे बघतच राहिले. ओसाकातल्या तीन वर्षांत त्यांना कुणी इतकं नीट सांगितलं नव्हतं म्हणे!

*

तात्या म्हणजे मोडीचे बादशहा. टाक एकदा टेकवला की ओळ संपेपर्यंत उचलायचे नाहीत. आणि मोडीची रीत तुम्हाला ठाऊक आहे, आधी पानभर रेघा ओढायच्या, मग त्यांना अक्षरं लटकवायची.

जपानी लिहितात वरून खाली, उजवीकडून डावीकडे. केशवरावांनी घरी दहा ओळी लिहून आणायला सांगितल्या. पुढच्या रविवारी तात्यांनी मोठ्या ऐटीत कागद पुढे केला. बघतो तर काय, पानभर उभ्या रेघा, आणि प्रत्येक रेघेला चिकटून अक्षरं वर चढतायत! नारळाच्या झाडावर माणसं चढावीत तशी.

"तात्या, या रेघा कशाला?" केशवरावांनी विचारलं.

"कशाला म्हणजे?" तात्या चकित. "रेघ नसली तर अक्षरं पडतील की!"

पुढं सहा महिन्यांत केशवरावांनी हात टेकले, पण तात्यांच्या रेघा काही सुटल्या नाहीत. उलट जपानीत दोन शब्दांमध्ये जागा सोडत नाहीत हे कळल्यावर तर त्यांना स्वर्ग दोन बोटं उरला. "अगदी आमची मोडी! कागद वाया घालवायचाच नाही!" म्हणत त्यांनी एक अख्खी ओळ एका दमात वाचायला घेतली. शेवटी लाल होऊन खोकत बसले, पण मध्ये थांबले नाहीत हो!

*

एकदा ओसाकाहून खोका आला. मोठा, लाकडी, वर चार चिनी अक्षरं. केशवराव पुण्याला गेले होते. आम्हा तिघांना एवढा आनंद! आता आपण वाचायचं!

"पहिलं अक्षर आकाश," मी म्हणालो.

"दुसरं धरणी," सखाराम.

"आणि पुढची दोन मिळून... उपयोग नाही, असं काहीसं," तात्या म्हणाले आणि डोळे मिटून उभे राहिले. "आकाश, पृथ्वी, कशाचाच उपयोग नाही! अरे, काय लोक आहेत! काचेच्या खोक्यावर वेदान्त लिहितात!"

दुसऱ्या बाजूलाही अक्षरं होती, म्हणून आम्ही खोका फिरवला. मग पालथा केला. तिथं काही नव्हतं, म्हणून आडवा केला. तेवढ्यात केशवराव स्टेशनवरून आले आणि दारातूनच किंचाळले, "अहो, त्याच्यावर लिहिलंय ना, खोका उलटा करू नका म्हणून!"

आतून बारीक आवाज येत होता. खुळ् खुळ् खुळ्. तात्या अजूनही म्हणतात की आमचा अर्थच जास्त खरा होता.

*

सखाराम इंदुरीत घरी सराव करायचा. कागद कुठला? गोठ्याची भिंत आणि कोळसा! एका रात्रीत त्यानं भिंतीवर हातभर मोठं 'अग्नी' हे अक्षर काढलं. भट्टीवरचा माणूस, त्याला तेच आवडायचं.

सकाळी शेजारणीनं पाहिलं. जादूटोणा! दुपारपर्यंत त्या अक्षराला हळदकुंकू लागलं आणि खाली लिंबू ठेवलं गेलं. आणि काय योगायोग बघा, त्याच आठवड्यात सखारामच्या आटत आलेल्या म्हशीनं पुन्हा चांगलं दूध द्यायला सुरुवात केली!

मग काय! "सखाराम, बाबा, आमच्या बी गोठ्यावर लिव की!" असं म्हणत आळीतल्या मावश्या दाराशी. नाही म्हणायला त्याला जमेना.

केशवराव एकदा त्याच्या घरी जेवायला म्हणून इंदुरीला गेले. मी बरोबर होतो. आळीत शिरलो तर ओळीनं पाच गोठे, आणि पाचही भिंतींवर 'अग्नी'! मला वाटलं, आता मास्तर डोक्याला हात लावणार. पण ते तिसऱ्या गोठ्यापाशी थांबले, चष्मा पुसला, नीट बघितलं आणि म्हणाले, "सखाराम, इथं तू क्रम चुकलास. आधी दोन बाजूंचे ठिपके, मग मधल्या तंगड्या. तू आधी तंगड्या काढल्यास. कोळशाचा ओघ सांगतो. पूस आणि पुन्हा लिही."

त्या गोठ्याची मालकीण मावशी घरातून धावत आली. "पुसू नगा वो मास्तर! म्हस आटंल!"

*

दीड वर्षानं सखारामचं पत्र तयार झालं. अक्षरं अशी की केशवरावांच्या डोळ्यांत पाणी आलं. नाव, गाव, किती वर्षं नळी फुंकतो, का यायचंय, सगळं. जपानी शाईची कांडी मात्र संपत आली होती. उगाळून उगाळून नखाएवढी राहिलेली. सखारामनं ती घरी नेली आणि शेवटची प्रत पाणी घालून घालून पुरवली. पाहुणा वाढला की आपण आमटी वाढवतो, तसंच. शाई झाली फिकट करडी. पण अक्षर सुबक, आणि केशवराव तापानं आजारी, म्हणून मीच ते पाकिटात घालून पोस्टात दिलं.

दोन महिन्यांनी उत्तर आलं. पत्र आणि त्याबरोबर एक लांबट डबी. केशवराव पत्र वाचायला लागले आणि त्यांचा चेहरा उतरत गेला.

"सखाराम, तुझ्या घरी कोण गेलं?"

"कुटं गेलं?"

"अरे, वारलं कोण?"

"कुनीच न्हाई की!"

तेव्हा केशवरावांनी कपाळावर हात मारला. जपानात दुःखाचं पत्र मुद्दाम पातळ शाईनं लिहितात. रडताना डोळ्यांतलं पाणी शाईत पडलं, अशी त्यामागची कल्पना. उस्तादांनी सखारामचं पत्र उघडलं आणि ते करडी अक्षरं बघूनच गहिवरले! लिहिलं होतं, "अशा वेळी मुलानं आईबापांपाशी राहावं. घर सोडू नये. तुमची जागा मी दुसऱ्याला देतो. डबीत उदबत्त्या आहेत, माझ्या नावानं लावाव्यात."

सखाराम उठला, डबी घेऊन गेला. मला इतकं वाईट वाटलं की मी दोन दिवस शेडमध्ये त्याच्याकडे बघितलं नाही. पत्र मीच टाकलं होतं ना!

त्याच्या वडलांना, आबांना, मात्र सगळं कळल्यावर फार हसू आलं. धडधाकट म्हातारा, त्यानं डबी उघडली, वास घेतला आणि स्वतःच्या हातानं एक उदबत्ती लावून समोर बसला. "कुनाला जित्तेपनी मिळती रं अशी? लय भारी वास हाय!"

*

आता शेवटचा.

केशवरावांनी खुलाशाचं पत्र लगेच पाठवलं. उत्तर आलं की दुसऱ्याला अजून कळवलं नाही, पण आता कागदावर विश्वास ठेवणार नाही. उस्तादांचे जावई कापसाच्या खरेदीसाठी मुंबईत आहेत, भट्टीच्या घरातच वाढलेले. ते मेलनं पुण्याला जाणार. लोणावळ्याला घाटाचं इंजिन काढून दुसरं लावेपर्यंत गाडी थांबते, तेवढ्या वेळात त्यांच्यासमोर लिहून दाखवावं. ते हो म्हणाले तर हो!

आम्ही चौघंही सकाळीच लोणावळ्याला जाऊन बसलो. तात्यांनी पोस्ट कुणाच्या भरवशावर टाकलं होतं, विचारू नका. लिहायला उंच जागा नव्हती, तर गूळ-शेंगदाण्याची गुडदाणी विकणाऱ्यानं आपलं टोपलं उपडं करून दिलं. "लिवा पावनं, काय बी लागलं तर सांगा!" बघता बघता भोवती ही गर्दी! हमाल, टांगेवाले, पाणीवाला.

मेल आली. फर्स्टक्लासमधून एक बुटका माणूस उतरला, हातात बारीक काळी काठी. केशवराव कमरेत वाकले. जावयांनीही मान लववली. घड्याळ काढलं आणि टोपल्याकडे बोट दाखवलं.

सखाराम मांडी घालून बसला. कोरा कागद उचलून कपाळाला लावला आणि लिहायला लागला. नाव उतरलं. गाव उतरलं. वरून खाली, सुरेख! गर्दीतला एक जण हळूच म्हणाला, "आयला, उभं लिवतोय!"

पण केशवराव पांढरेफटक पडले होते. माझा दंड दाबत पुटपुटले, "कुंचला बघा!"

बघितलं. सखारामच्या बोटांत कुंचला फिरत होता. सारखा, आपोआप, चाकासारखा. नळीवरची तापलेली काच एक क्षण फिरायची थांबली तर ओघळते. इतकी वर्षं त्याच्या बोटांना थांबायची सवयच नव्हती. क्लासात केशवराव त्याचा हात धरून बसायचे तेव्हा कुठं कुंचला सरळ राहायचा. जपानात कुंचला असा फिरवणं म्हणजे अगदी अडाणीपणा!

जावयांनी ते बघितलं. पुढं वाकले. आणि हात वर करून म्हणाले, एवढं मलाही समजलं, "पुरे!"

अर्धं पत्र राहिलं होतं. नवं इंजिन लागल्याचा दणका बसला. सखारामनं वर बघितलं. मला रडूच फुटलं, खोटं कशाला सांगू!

जावयांनी त्याच्या हातातला कुंचला काढून घेतला. आणि त्या जागी आपली काठी दिली.

सखाराम बावरून काठी धरून बसला. आणि हळूहळू त्याच्या बोटांत काठीही भट्टीवरच्या नळीसारखी फिरायला लागली!

तो माणूस हसला. पहिल्यांदाच. इतका हसला की टोपी काढून वारा घेतला. तेवढ्यात गार्डनं शिट्टी दिली, ते पळत डब्यात चढले, काठी राहिली सखारामच्याच हातात. गाडी हलली. खिडकीतून डोकं बाहेर काढून ते केशवरावांना काहीतरी ओरडून विचारत होते.

"काय? काय म्हणतायत?" आम्ही तिघंही एकदम.

"विचारतायत," केशवरावांचा आवाज फाटला, "ओसाकाला बर्फ पडतो, याच्याकडे थंडीचं काही आहे का?"

सखाराम उठला आणि काठी उंच धरून गाडीबरोबर धावत सुटला. "घोंगडं हाय! सायेब, घोंगडं हाय की! नवं हाय!"

जावयांनी कानाला हात लावला. त्यांना मराठी कुठलं कळायला! "मास्तर, सांगा की त्यास्नी! सांगा की!"

आणि तीन वर्षं ओसाकात काढलेल्या आमच्या केशवरावांना घोंगड्याला जपानी शब्द काही केल्या आठवेना! प्लॅटफॉर्म संपेपर्यंत ते गाडीच्या बाजूनं धोतर सावरत धावत होते, आणि दोन्ही हातांनी स्वतःला गच्च गुंडाळून दाखवत होते!