वार विचारणारी इवोनिल्दे

रोजगाराच्या पाहणीसाठी दारोदार फिरणारे पुष्कळ होते, पण इवोनिल्देइतकं चिवट कोणी नव्हतं. एकाच घरी दर तीन महिन्यांनी एक, अशा पाच फेऱ्या मारायच्या. मागचं उत्तर आताच्या उत्तराशेजारी ठेवलं की कळतं, कोणाला काम लागलं, कोणाचं गेलं, कोणी शोधणंच सोडलं. बाकीचे दारातूनच "काम करता का?" विचारून मोकळे होत. ही मात्र पायरीवर बसून मागच्या आठवड्याचा एकेक वार विचारी.

त्यामुळे झालं असं, की इतरांच्या फॉर्मांत माणसं वर्ष वर्ष जागची हलत नसत आणि हिच्या फॉर्मांत सारखी ये-जा. कचेरीत कुजबुज सुरू झाली, बाई घरी बसून उत्तरं रचते. तिचं कंत्राट संपत आलं होतं. ते पुढे चालणार की नाही, हे आता एका फेरतपासणीवर होतं.

पर्यवेक्षक एवेराल्दो तिला घेऊन खाडीकाठच्या दोना जसीराकडे गेला. गेल्या खेपेस ही विधवा कामाविना होती आणि परवाच्या नोंदीत कामावर, हे त्याला पटत नव्हतं. तपासणीत इवोनिल्देने तोंड उघडायचं नाही, असा नियम होता.

"दोना जसीरा, ही येऊन गेली त्याच्या आदल्या आठवड्यात काम केलंत?"

"मी कसलं काम करतेय? घरीच असते."

एवेराल्दोने फॉर्मवर 'खोटं' अशी खूण केली. इवोनिल्देचा एक शब्द पुरला असता, पण ती जमिनीकडे बघत गप्प राहिली. केवढा हा प्रामाणिकपणा!

"झालं? एवढंच?" जसीरा म्हणाली. "ही बया तर डोकं खाते माझं. सोमवारी काय केलंत, मंगळवारी काय केलंत."

"बरं, गुरुवारी काय केलंत?" तो कंटाळून म्हणाला.

"गुरुवारी मोठी ओहोटी. तिवरांच्या चिखलात जाऊन वीस किलो तिसऱ्या काढल्या."

"त्यांचं काय केलंत?"

"विकल्या. वीस किलो काय मी एकटी गिळू?"

"मग हे काम नाही?"

"काम म्हणजे पगाराचं, पोरा. ते माझा नवरा करायचा."

"आणि तीन महिन्यांपूर्वी?"

"तेव्हा गुडघा सुजलेला. चिखलात पाय टाकला असेल तर शपथ."

एवेराल्दोने खूण पुसली. माफी मागणं त्याच्या रक्तातच नव्हतं. पण दुसऱ्या दिवशी त्याने ज्यांत वर्षभर कोणीच हललं नव्हतं, ते सगळे फॉर्म बाहेर काढले आणि फेरतपासणीसाठी इवोनिल्देच्या हातात दिले.