खेस्केची चिठ्ठी

अ‍ॅमस्टरडॅमच्या ऑप्शन बाजारात आम्ही सौदेबाज रोज घसा फाटेस्तोवर ओरडायचो. प्रत्येकाला वाटायचं, आपल्याइतका हुशार कोणी नाही. खेस्के होल्ट्रोपला मात्र स्वतःवर काडीचा भरवसा नव्हता, आणि ती हे चारचौघांत सांगायची.

पहिल्या खेपेला तिने सगळं घालवलं होतं, हार्लिंगनचं वडिलांचं घरसुद्धा. मग चार वर्षं चीजच्या दुकानात उभी राहून ती पुन्हा बाजारात आली. आता पन्नाशी उलटली होती. परत बुडाली असती तर तिसरी खेप नव्हती.

म्हणून तिने एक पद्धत पाडली. सकाळी घंटा व्हायच्या आधी चिठ्ठीवर एक भाव लिहायचा आणि चिठ्ठी माझ्या खिशात कोंबायची. तिने घेतलेल्या ऑप्शनचा भाव तिथवर उतरला की मी "खेस्के, पुरे" म्हणायचं.

"तुला स्वतःला दिसत नाही का गं?" मी एकदा विचारलं.

"दिसतं की. पण दिसून न दिसल्यासारखं करण्यात माझा हात कोणी धरणार नाही."

'पुरे' म्हटलं की ती आधी मला शिवी हासडायची, मग विकून मोकळी व्हायची आणि बाहेरच्या गाडीवर कांदा घातलेला हेरिंग मासा खाऊन यायची. डीडरिक नावाचा एक तोंडाळ सौदेबाज तिला डिवचायचा, "काय बाई, आज कितवा मासा?" दोघांचं विळ्याभोपळ्याएवढं सख्य.

एका आठवड्यात सलग तीन दिवस मला 'पुरे' म्हणावं लागलं. चौथ्या दिवशी तिने एका जहाजबांधणी कंपनीचे ऑप्शन, म्हणजे तिचे शेअर पुढे ठरल्या भावाने घ्यायचे हक्क, घेतले. चिठ्ठीवर अकरा गुल्डन. दुपारी भाव अकरावर आला. सलग चौथ्या दिवशी तिला हरताना पाहून माझा जीव तुटला आणि मी गप्प बसलो. भाव साडेनऊपर्यंत गेला. मग तो उसळला, आणि तिने सतराला विकलं.

मला वाटलं, आता ही मिठी मारणार. तिने दिवसभराचे भाव पाहिले.

"साडेनऊ झाला होता. तू कुठे होतास, आर्नाउट?"

"इथेच. दया आली तुझी. फायदा झाला ना पण?"

"झाला. त्याचीच भीती वाटते. उद्या तू पुन्हा दया करशील, आणि मला ती आवडेल."

दुसऱ्या सकाळी तिने चिठ्ठी डीडरिकच्या खिशात कोंबली. मला फार लागलं ते. आठवडाभर मी तिच्याशी बोललो नाही. एवढी स्वतःला ओळखणारी बाई मी पुन्हा पाहिली नाही, पण हे मला फार उशिरा कळलं. आठवडा सरल्यावर मी फक्त चिडून विचारलं, "अख्ख्या बाजारात तुला तोच सापडला?"

"हो," खेस्के म्हणाली. "मी हरले हे मला सांगायला तो एक क्षणही थांबणार नाही."