न लागलेला ठसका

"अरे, काय करी ऱ्हायनात तुम्ही! जीव लेतस का आमना!"

भिंतीपलीकडून शेजारचे शेठ ओरडत होते. ओरडणं कसलं, एका शब्दामागे वीस खोकले. शेठाणी खोकत होती, अर्ध्या शटरखाली वाकलेलं गिऱ्हाईक खोकत होतं, आणि आईची शपथ, दुकानातला तराजूही खोकत असावा.

इकडे आम्ही, ज्यांच्या घरात तो धूर कोंडला होता ते, स्वयंपाकघरात मजेत बसलो होतो.

करोनाचा दुसरा उन्हाळा. घरात सगळ्यांना कणकण होती, थोरल्या भावाला, दादाला, जरा जास्त. काढा असा उकळला होता की त्यात खिळा विरघळला असता. वाफ घेऊन घेऊन भिंतींचा रंग उतरला होता. तरी गुण नाही, म्हणून वहिनीने दादावरून मीठ-मिरच्या उतरवून तव्यावर टाकल्या. आणि मिरच्या कुठल्या? नंदुरबारच्या! इथे पथारीवर, म्हणजे वाळवणाच्या मोकळ्या मैदानावर, मिरच्या पसरल्या की पाहुणा वेशीबाहेरच शिंकतो, आणि जन्मलेलं पोर आधी शिंकतं, मग रडतं. अशा मूठभर मिरच्या जळत होत्या आणि आमच्यातल्या एकाच्याही घशाला खाज नाही.

नजरेचा नियम सोपा आहे. ठसका लागला तर नजर नव्हती. नाही लागला तर कडक नजर होती, ती जळून गेली.

वहिनी आनंदाने रडायला लागली. "पाहा, एकले बी ठसका नही! केवढी नजर व्हती माय वं!"

"नजर शेठचीच," मी जाहीर केलं. "खोकला कोणाला लागला? चोर सापडला!"

दादा डोळ्यांत पाणी येईस्तोवर हसला. धुरात त्याचा चेहरा धड दिसत नव्हता. "आते चहा टाक," तो म्हणाला, "आलं घालीसन." चहा आला. "आलं कमी पडनं." आम्ही सगळ्यांनी माना हलवल्या. खरंच, आल्याचा वासच नव्हता. वहिनी म्हणाली, मी तर भरपूर किसलं होतं.

दोन दिवसांनी त्याला दवाखान्यात नेलं. तो परत आला नाही. वास जाणं, ठसकाही न लागणं म्हणजे काय, हे डॉक्टरने फोनवर सांगितलं तेव्हा वहिनी माझ्या शेजारी उभी होती.

बाकीच्यांची नाकं परत आली. वहिनी काही आली नाही. तेव्हापासून रोज सकाळी ती तवा तापवते, मिरच्या टाकते आणि आमच्याकडे पाठ करून ऐकते. आईचा खोकला, माझ्या बायकोचा, माझा. सगळे ऐकू आले की मगच चहा. एकदा आईला ठसका उशिरा लागला, तर वहिनीने तिचे खांदे धरून गदागदा हलवलं. मनाच्या डॉक्टरकडेही नेलं. त्यांनी दिलेली गोळी ती रात्री न चुकता घेते, आणि सकाळी न चुकता तवा ठेवते.

म्हणून आम्ही धुराची वाट बघणं सोडलं. तवा वाजला की खोकायचं. मी तर असा खोकतो की तळोद्याच्या रस्त्यावर बस थांबावी. पण सगळ्यांचं खोकून झालं तरी वहिनी थोडा वेळ तशीच थांबते, अजून एक यायचा असल्यासारखी. तेवढा वेळ घरात कोणी श्वास घेत नाही. मीसुद्धा नाही, आणि मला गप्प बसवणं देवाला जमलेलं नाही.

गेल्या आठवड्यात तवा वाजला. आम्ही दणकून खोकलो. मी पाण्याचं निमित्त करून आत गेलो. तवा तापून निळा पडला होता, आणि कोरा. मिरचीचं बीसुद्धा नाही.

"वहिनी, मिरच्या कुठे आहेत?"

ती कान देऊन अजून उभीच होती.

"त्या ते परवाच सरी ग्यात."